थर्मोस्टॅटला फक्त बल्ब कळतो

वाशीम जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक ट्रेडची मुलं आणि आसपासच्या तेल कारखान्यांतली मेंटेनन्सची मंडळी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं हे संपादित शब्दांकन.

नमस्कार मंडळी. विदर्भात पाइप तापवण्याविषयी बोलायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. मे महिन्यात जिथं पारा ४५ ओलांडतो, तिथं पाइप तापवायची गरजच काय? गरज आहे, आणि ती फक्त हिवाळ्यापुरती नाही. साबणवाले आणि वनस्पती तुपवाले जे पाम स्टिअरिन वापरतात, ते पातळ राहायला ४४ अंशांहून जास्त ऊब लागते. म्हणजे उन्हाळ्यातल्या रात्रीही ते पाइपात गोठतं. सोयाबीन तेल स्वतः गोठत नाही, पण त्यातून निघणारं लेसिथिन गार झालं की इतकं घट्ट होतं की पंप दम टाकतो. पारस, चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा ही वीजकेंद्रं कोळशावर चालतात खरी, पण बॉयलर पेटवताना आणि ज्वाला सांभाळताना तेल लागतं. जिथं ते जड तेल असतं, तिथं त्याची लाइन गरम ठेवावीच लागते. आणि थंडीचं म्हणाल, तर २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता.

पाइपाला लगटून गरम होणारी केबल टाकायची, वर लॅगिंग म्हणजे उष्णता अडवणारं आवरण चढवायचं, त्यावर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं क्लॅडिंग. हे झालं ट्रेसिंग. ही केबल कधी चालू, कधी बंद, हे ठरवतो टेंपरेचर स्विच, ज्याला आपण थर्मोस्टॅट म्हणतो. आज मला त्या स्विचविषयीच बोलायचं आहे, कारण लाइन जाम झाली की सगळे केबलवर संशय घेतात आणि दोष बहुतेक वेळा स्विचच्या बसवण्यात निघतो.

आधी एक हिशेब मांडू. पाइपातून निसटणारी उष्णता ही पाइप आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असते. आपल्याला पाइप ६० अंशांवर ठेवायचा आहे. जानेवारीच्या पहाटे हवा १० अंशांवर, फरक ५० चा. मेच्या दुपारी हवा ४५ वर, फरक फक्त १५ चा. म्हणजे जी केबल थंडीला पुरेल अशी निवडली, ती उन्हाळ्यात गरजेच्या तिपटीहून जास्त उष्णता ओतते. सतत सारखी उष्णता देणारी केबल असेल आणि स्विच अडकून ती चालूच राहिली, तर लाइनमधलं तेल थांबलेलं असताना ४५ मध्ये ५० मिळवा: पाइप ९५ च्या घरात जातो. क्लॅडिंगवर पडणारं ऊन वेगळंच. लेसिथिन अशा तापमानाला पडून राहिलं की काळवंडतं, आणि काळं लेसिथिन कुणी घेत नाही. थंड देशांतल्या माहितीपत्रकांत थर्मोस्टॅटचं काम हिवाळ्यात पाइप वाचवणं असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे त्याची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते. म्हणून "उन्हाळ्यात कोण बघतं" ही सवय मला फार खटकते.

आता यंत्राकडे या. हा माझ्या हातातला साधा कॅपिलरी थर्मोस्टॅट. टोकाला बोटाएवढा धातूचा बल्ब, त्यातून निघालेली तारेसारखी बारीक पोकळ नळी म्हणजे कॅपिलरी, आणि इकडे डबी. बल्ब-नळीत द्रव ठासून भरलेला असतो. बल्ब तापला की द्रव फुगतो, डबीतला पडदा ढकलतो, पडदा मायक्रोस्विचला ढकलतो आणि सर्किट तुटतं. गार झाला की उलट. तोडण्याच्या आणि जोडण्याच्या तापमानात काही अंशांचं अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं, नाहीतर कॉन्टॅक्ट दिवसभर कटकट करत जळून जातील.

यात पाइपाचा संबंध कुठं आला? कुठंच नाही. स्विचला पाइप कळत नाही, तेल कळत नाही. त्याला फक्त बल्बचं तापमान कळतं. शितावरून भाताची परीक्षा करतो तसा हा प्रकार आहे, पण ते शीत कुठून उचलायचं हे तुम्ही ठरवता, आणि एकदा लॅगिंग चढलं की वर्षानुवर्षं तेच शीत तपासलं जातं.

म्हणून बल्बची जागा. आडव्या पाइपावर केबल साधारणपणे खालच्या अंगाला, घड्याळातल्या चार-पाचच्या किंवा सात-आठच्या जागी असते. बल्ब तिच्यापासून पाव वळसा दूर ठेवा. दोन केबली असतील तर दोहोंच्या बरोबर मध्ये. केबलला खेटून बसवला तर तो केबलचं तापमान सांगतो आणि तेल गार असतानाच सर्किट तोडतो. रात्रपाळीचा ऑपरेटर मग विचारतो, "साहेब, थर्मोस्टॅट तं चांगला चालून राह्यला, मंग तेल काऊन नाई येऊन राह्यलं?" स्विच बरोबरच असतो. त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा असतो.

व्हॉल्व्ह, फ्लँज (पाइप जोडणारी चकती), पाइपाचा सपोर्ट यांच्याजवळ बल्ब नको. तिथं लोखंड जास्त, उष्णता जास्त निसटते, बल्बला वाटतं सगळी लाइन गार आहे आणि मग उरलेली लाइन फुकट तापत राहते. किमान मीटरभर दूर सरळ पाइप शोधा. शेजारून वाफेची लाइन जात असेल तर ती बाजू टाळा. बल्ब पूर्ण लांबीने पाइपाला चिकटला पाहिजे. गंज आणि जुना रंग खरवडा, ग्लासक्लॉथ टेपने दोन्ही टोकं आणि मधला भाग बांधा, वरून ॲल्युमिनियम टेप. पीव्हीसीची काळी टेप वापरू नका. उष्णतेने तिचा गोंद सुटतो, बल्ब पाइपापासून उचलला जातो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

कॅपिलरी उरली तर तिचं मोठं वेटोळं करून बांधा. तिला तीक्ष्ण वळण देऊ नका, कापायची तर नाहीच. ती केबलवरून ओलांडू नये. लॅगिंगमधून बाहेर काढताना खालच्या किंवा बाजूच्या अंगाने काढा, म्हणजे पावसाचं पाणी तिच्या वाटेने आत उतरणार नाही, आणि भोक सीलंटने बुजवा. शेवटी लॅगिंगवाला येतो. तो बिचारा क्लॅडिंगला स्क्रू मारत जातो, त्याला आत काय आहे ते माहीत नसतं. एक लांब स्क्रू कॅपिलरीत घुसला की संपलं. म्हणून बल्ब जिथं आहे तिथं क्लॅडिंग चढेपर्यंत इलेक्ट्रिशियनने उभं राहावं आणि नंतर वरून रंगाने खूण करावी. हे काम कुणाच्याच नोकरीच्या कागदावर लिहिलेलं नसतं, तरी ते करा.

कॅपिलरी फुटली की काय होतं, हे नीट समजून घ्या, कारण सगळ्यात धोक्याची गोष्ट हीच आहे. द्रव गळाला की फुगायला काही उरत नाही. स्विचच्या दृष्टीने बल्ब कायमचा गार. म्हणजे तो सर्किट जोडून ठेवतो आणि केबल अहोरात्र चालू. बिघाड झाला आणि पाइप गरम आहे, त्यामुळे तक्रारही येत नाही! तेल छान वाहतंय म्हणून सगळे खूश. काही बनावटींत द्रव गळाला की सर्किट तुटावं अशी सोय असते. घेताना विचारून घ्या. नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: दुसरा, जास्त तापमानाला तोडणारा आणि हाताने रीसेट करावा लागणारा लिमिटर लावा, त्याचा बल्ब वेगळा ठेवा. पैसे वाचवायला एकाच बल्बवर दोन्ही कामं टाकली तर लिमिटर लावल्याचा उपयोग शून्य.

आरटीडी, म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारा सेन्सर, वापरत असाल तर बिघाडाची दिशा उलटी होते. पीटी १०० या नेहमीच्या आरटीडीचा रोध शून्य अंशाला १०० ओहम, ६० अंशांना सुमारे १२३.२ ओहम. तार तुटली की रोध अमर्याद, कंट्रोलरला वाटतं पाइप पेटलाय, तो हीटर बंद करतो आणि लाइन गोठते. आत शॉर्ट झाला तर मात्र उलट, हीटर चालूच. दोन तारांच्या जोडणीत तारांचाच रोध एक ओहम भरला तरी अडीच अंशांची चूक पडते, म्हणून तीन तारांची जोडणी घ्या.

आता बायपासचं प्रकरण, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त लाइनी इथं जाम होतात. टाकीतून ६५ अंशांचं स्टिअरिन पंपाने मुख्य लाइनमधून चाललंय. त्याच लाइनला बायपास, म्हणजे वळसा घालणारी पर्यायी लाइन आहे, तो बंद. दोन्हींवर एकच केबल फिरवलेली आणि बल्ब मुख्य लाइनवर. वाहत्या गरम तेलाने बल्ब गरम, स्विचने केबल बंद केली. मुख्य लाइनला तिची गरजही नाही. पण बायपासमधलं तेल उभं आहे, त्याला उष्णता देणारं कुणी उरलं नाही, ते गोठलं. पंप बिघडून बायपास उघडायची वेळ आली तेव्हा आत दगड. जिथं प्रवाह वेगळा होऊ शकतो तिथं केबलचं सर्किट वेगळं आणि स्विचही वेगळा, याला पर्याय नाही. आणि गोठलेली लाइन मधूनच ज्वालेचा टॉर्च मारून वितळवू नका. दोन गोठलेल्या भागांच्या मध्ये तेल फुगून फ्लँज फुटू शकतो. मोकळ्या टोकाकडून सुरुवात करा. लाइनला वाफ मारतानाही लक्षात असू द्या: बल्बला किती तापमान सोसतं हे त्याच्या पत्रकात वेगळं दिलेलं असतं. वाफ त्याच्यापलीकडे गेली तर स्विच मोडल्याचं दिसत नाही, पण त्याचा आकडा कायमचा सरकतो.

वायरिंगचं थोडक्यात सांगतो. एकपोली स्विचने फेजच तोडली पाहिजे, न्यूट्रल नाही. करंट स्विचच्या रेटिंगच्या जवळ जात असेल तर कॉन्टॅक्टर, म्हणजे जड करंट पेलणारा वेगळा स्विच, घाला. केबलला ३० मिलिॲम्पिअरचं अर्थ लीकेज संरक्षण हवंच. सॉल्व्हेंट प्लँटमध्ये, जिथं तेल काढायला वापरलेल्या, चटकन पेट घेणाऱ्या हेक्झेनची वाफ असू शकते, तिथं फ्लेमप्रूफ (आतली ज्वाला बाहेर जाऊ न देणारी) डबी, आणि तिचा प्रत्येक बोल्ट जागेवर. चार बोल्टांपैकी तीन लावले तर ती फ्लेमप्रूफ राहत नाही. तिथं उघड्या ज्वालेचा विषयच नाही.

देखभालीला वर्षातून दोन वेळा धरा: पावसाळा संपून कोजागिरी झाली की एकदा, आणि उन्हाळा चढण्याआधी होळीच्या सुमारास एकदा. डबी उघडा. केबल शिरण्याचा ग्लँड खालच्या तोंडाला आहे का, आत पाणी, मुंग्या, गांधीलमाशीचं घर आहे का, बघा. टर्मिनल आवळा. कॅपिलरी उंदराने कुरतडली का, ते डोळ्यांनी पाहा. लॅगिंग भिजलेलं असेल तर आधी ते बदला. ओल्या लॅगिंगखाली कुठलाच थर्मोस्टॅट पाइप गरम ठेवू शकत नाही. केबलचं इन्सुलेशन मेगर या मीटरने तपासा. २० मेगाओमपेक्षा कमी आलं तर शोध घेतल्याशिवाय चालू करू नका. आणि डायल कुठं आहे ते पाहा. रात्री लाइन अडली की कुणीतरी डायल शेवटपर्यंत फिरवतो, सकाळी लाइन मोकळी होते आणि डायल तिथंच राहतो. झाकणाच्या आत लाइनचं नाव, ठरलेला सेट पॉइंट (डायलवर लावायचं तापमान) आणि शेवटच्या तपासणीचे दोन आकडे लिहिलेलं कार्ड चिकटवा. फिरवणाऱ्याला परत कुठं आणायचं ते तरी कळेल.

ते दोन आकडे कसे काढायचे, हे आता करून पाहायचं आहे. टेबलावर शेगडी, पाण्याचं पातेलं, थर्मामीटर, मल्टिमीटर आणि दोन थर्मोस्टॅट ठेवलेत. बल्ब पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका, आणि पाणी ढवळत राहा. आंच मंद ठेवा, घाई केली तर बल्ब पाण्याच्या मागे पडतो आणि आकडा खोटा येतो. सर्किट जोडलेलं असताना वाजणाऱ्या मल्टिमीटरचा आवाज बंद होईल तो तोडण्याचा आकडा, मग गार होताना परत सुरू होईल तो जोडण्याचा. थर्मामीटर खरा आहे का, ते आधी बर्फाच्या पाण्यात पाहा. वरचं टोक उकळत्या पाण्यात पाहणार असाल तर आपल्याकडे १०० ची अपेक्षा धरू नका. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, तिथं पाणी ९९ च्या आसपास उकळतं, आणि वाशीम त्याहूनही उंचावर आहे. ज्यांचा सेट पॉइंट ९० च्या वर आहे त्यांनी पाण्याऐवजी तेल वापरावं. दोघं-दोघं पुढं या. एकाने ढवळत थर्मामीटर वाचायचा, दुसऱ्याने मीटर धरून आकडे लिहायचे.