जांभळ्या शाईतला पत्रव्यवहार

१ जानेवारी १८६१. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवणारे चार्ल्स डॉज्सन आवक-जावकीची वही सुरू करतात. आलेलं पत्र असो वा धाडलेलं, प्रत्येकाला क्रमांक आणि सोबत मजकुराचा गोषवारा. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी अँग्लिकन चर्चमध्ये डीकनची, म्हणजे पाद्रीपदाच्या आधीच्या पायरीची, दीक्षा घेतली. पूर्ण पाद्री ते कधीच झाले नाहीत. वही मात्र सदतीस वर्षं चालली. जानेवारी १८९८ मध्ये ते गेले, तेव्हा शेवटचा क्रमांक होता ९८,७२१.

‘ॲलिस इन वंडरलँड’ या पुस्तकामुळे जग त्यांना लुईस कॅरल म्हणून ओळखतं.

१८७० पासून वीसेक वर्षं ते बहुधा जांभळ्या शाईनं लिहीत. मुलांना लिहिताना तर त्यांच्या कल्पनेला बहर येई. एखादं पत्र आरशासमोर धरून वाचायचं, एखादं टपाल तिकिटाएवढ्या कागदावर. १ नोव्हेंबर १८९१ चं हे पत्र बघा. छोट्या नेली बोमननं खुर्चीच्या पाठीवर घालायचं कापड करून दिलं, त्याबद्दलचे हे आभार. पण पत्राची सुरुवातच सहीनं होते, आणि ‘माझ्या लाडक्या नेली’ येतं अगदी शेवटी! शेवटाकडून एकेक शब्द वाचत वर यायचं, मग थट्टा कळते: हे कापड म्हणे नेलीनं त्यांच्या आजोबांसाठी केलं होतं, सत्तर-ऐंशी वर्षं द्यायचं विसरली, आणि शेवटी दिलं नातवाला.

याच माणसानं आठच दिवसांनी, ९ नोव्हेंबरला, सायमंड्सबाईंना वेगळ्याच सुरात लिहिलं. अनोळखी लोक बोट दाखवतात, टक लावून बघतात, याचा त्यांना इतका तिटकारा होता की पुस्तकं लिहिलीच नसती तर बरं, असं कधीकधी वाटे. सह्या गोळा करणाऱ्यांपासून ते चार हात लांब राहत. ‘लुईस कॅरल’ नावानं कॉलेजवर आलेली पत्रंसुद्धा परत जात.

त्यांच्या मृत्यूनंतर खोल्या घाईनं रिकाम्या झाल्या. कितीतरी कागद जाळले गेले, बरंच सामान लिलावात गेलं. ती वही आज कुठेच नाही. पत्रं टिकली ती ज्यांना आली त्यांच्या घरांत, आणि पुढे संग्राहकांकडे. हारकोर्ट अमोरी यांचा संग्रह हार्वर्डला गेला, मॉरिस पॅरिश यांचा १९४४ मध्ये प्रिन्स्टनला. डॉज्सन यांना हे रुचलं नसतं, हे उघड आहे. तरीही मी या संग्राहकांच्या बाजूनं उभा राहीन. त्यांनी जपलं नसतं, तर नेलीचं उलटं पत्र वाचायचा आनंद आपल्या वाट्याला आलाच नसता.

विखुरलेली पत्रं शोधण्यात अभ्यासक मॉर्टन कोहेन यांनी अनेक वर्षं घातली. १९७९ मध्ये त्यांतली निवडक पत्रं दोन खंडांत छापून आली.

आणि सायमंड्सबाईंचं ते पत्र? २०१४ मध्ये लंडनच्या लिलावात ते ११,८७५ पौंडांना विकलं गेलं. घेतलं सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठानं, आपल्या कॅरल-संग्रहासाठी.