ऐकणाऱ्याचा पत्ता

मंडळी, उपग्रह आणि मोबाइल यांनी एकच स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओ लहरींचे तेच पट्टे, कसे वापरायचे हा विषय कोरडा आहे हे मान्य. पण एक आकडा डोक्यात पक्का बसला की पुढचं सगळं उलगडतं, म्हणून आकड्यापासूनच सुरुवात करतो.

टीव्ही वाहिन्या घेऊन येणारा भूस्थिर उपग्रह आपल्यापासून साधारण ३६,००० किलोमीटर लांब. मोबाइलचा टॉवर केबलवाल्याच्या छतापासून, धरा, एक किलोमीटर. लहरींचा जोर अंतराच्या वर्गाने घटतो आणि ३६,०००चा वर्ग जवळपास १३० कोटी होतो. दोघांनी सारख्याच ताकदीने प्रक्षेपण केलं, तर त्या छतावर टॉवर उपग्रहापेक्षा १३० कोटी पट जोरात पोचेल. केबलवाल्याच्या छत्रीचं (डिशचं) तोंड आकाशाकडे असतं, टॉवर तिला कडेने दिसतो, त्यामुळे प्रत्यक्षात तफावत बरीच उतरते. तरी ती हजारो पटींची उरतेच. उपग्रह आणि मोबाइल यांनी एकच स्पेक्ट्रम वापरायचा म्हटलं की पहिली अडचण ही.

आता केबलवाल्याची छत्री ज्यावर ऐकते त्या सी-बँड या पट्ट्याकडे येऊ. उपग्रहाकडून खाली येण्यासाठी तो परंपरेने ३,४०० ते ४,२०० मेगाहर्ट्‌झ. आपल्या देशात तो इतका रुजला, याचं एक मोठं कारण पावसाळा. या लहरींची लांबी सात-आठ सेंटीमीटर. पावसाच्या थेंबांना ती फारशी जुमानत नाही. घरच्या डीटीएचच्या केयू-बँडची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास, म्हणून आषाढात ऐन मॅचच्या वेळी तुमचं चित्र गोठतं आणि त्याच वेळी केबलवाल्याचं चालू असतं. जुन्नर तालुक्यातलं आर्वीचं विक्रम भूकेंद्र आठवतंय का? १९७१ साली सुरू झालं, देशाचा परदेशाशी उपग्रह-संपर्क तिथून व्हायचा, तो सी-बँडवरच. म्हणजे या पट्ट्यात उपग्रहवाले काल-परवा आलेले नाहीत.

पण मोबाइलवाल्यांनाही नेमका हाच पट्टा हवा. याच्या खाली गेलं तर सहसा सलग १०० मेगाहर्ट्‌झ मिळत नाहीत. फार वर गेलं तर लहरी भिंतीपाशीच थांबतात. २०२२च्या लिलावात सरकारने ५-जीसाठी ३,३०० ते ३,६७० मेगाहर्ट्‌झ विकायला काढले. उपग्रहाला राहिले ३,७०० ते ४,२००. मधले ३० मेगाहर्ट्‌झ मोकळे, दोघांत बांध म्हणून. कागदावर भांडण मिटलं.

छतावर मात्र मिटत नाही. छत्रीच्या तोंडाशी एलएनबी असतो, आलेला क्षीण संदेश फुगवून खाली देणारा. जुने एलएनबी अख्ख्या ३,४०० ते ४,२०० साठी बनलेले. त्यांना आपला हिस्सा कुठे संपतो हे कळतच नाही. ५-जीचा संदेशही ते तितक्याच निष्ठेने फुगवायला जातात आणि त्या भाराखाली बधिर होतात. वरातीचा डीजे दाराशी आला की माजघरातलं बोलणं ऐकू येत नाही, मग डीजे कुठल्या का पट्टीत वाजत असेना. उपाय साधा आहे: एलएनबीच्या आधी एक फिल्टर बसवायचा, ३,७००च्या खालचं सगळं अडवणारा. तो कुणी विकत घ्यायचा, हा खरा वाद. माझं मत विचाराल तर तो खर्च लिलावाच्या हिशेबातच धरायला हवा. ज्याने काहीही बदललेलं नाही अशा तालुक्यातल्या केबलवाल्याने तो का सोसावा?

अमेरिकेने या बाबतीत पैसा सैल सोडला. तिथे उपग्रहवाल्यांना ४,००० ते ४,२०० मध्ये सरकवलं आणि मोकळा झालेला हिस्सा विकून ८१ अब्ज डॉलर उभे केले. ठरल्या मुदतीआधी जागा सोडली म्हणून उपग्रह कंपन्यांना ९.७ अब्ज डॉलरपर्यंत वेगळे, स्थलांतराचा खर्च वेगळा. मला मात्र त्याआधीचं पाऊल जास्त महत्त्वाचं वाटतं. २०१८ मध्ये तिथल्या नियामकाने छत्रीवाल्यांना सांगितलं, मुदतीत नोंदणी करा. नोंद नसेल तर संरक्षण नाही.

नोंदणी एवढी का लागते? कारण फक्त ऐकणारं यंत्र स्वतः काहीच बोलत नाही. बोलणारा कुठे आहे हे मोजून काढता येतं. अमेरिकेतच ३,५५० ते ३,७०० मध्ये नौदलाचे रडार आणि खासगी मोबाइल जाळी एकत्र नांदतात. किनाऱ्यावरचे संवेदक रडारचा आवाज पकडतात, संगणक लगेच मोबाइलवाल्यांना बाजूला करतो. रडार ओरडतं म्हणून हे जमतं. गप्प छत्री संवेदकाला सापडणार कशी? तिचा पत्ता वहीतच असावा लागतो. परवाने द्यायची आपली सगळी रीत बोलणाऱ्याभोवती बांधलेली आहे. ऐकणारा त्यात बसतच नाही.

याचा फटका कसा बसतो, ते जानेवारी २०२२ मध्ये दिसलं. अमेरिकेत ३,७०० ते ३,८०० वर ५-जी सुरू होणार होतं. विमानांचे रेडिओ लहरींवर चालणारे उंचीमापक ४,२०० ते ४,४०० वर, म्हणजे मध्ये ४०० मेगाहर्ट्‌झ मोकळे. तरीही जुन्या उंचीमापकांच्या दारावर पहारा, म्हणजे फिल्टर, पुरेसा आहे का, याची खात्री कुणी देईना. एअर इंडियाने १९ जानेवारीची अमेरिकेची काही उड्डाणं रद्द केली.

आपल्याकडे उपग्रह स्पेक्ट्रमचा लिलाव करायचा की थेट वाटप, यावर रकानेच्या रकाने भरले. २०२३च्या दूरसंचार कायद्याने वाटपाच्या बाजूने कौल दिला. तो प्रश्न पैशाचा. २८ गिगाहर्ट्‌झचा प्रश्न, म्हणजे उपग्रहांच्या आणखी वरच्या का-बँड या पट्ट्याचा, मला जास्त रंजक वाटतो. तिथे उलटा प्रवास आहे: जमिनीवरची छत्री वर बोलते आणि तिच्या कडेच्या गळतीने मोबाइलच्या ऐकण्यात अडथळा येऊ शकतो. उपग्रहातून इंटरनेट देणाऱ्या वनवेब किंवा स्टारलिंकची ग्राहकाकडची छत्री केयू-बँडवर चालते. का-बँड लागतो त्यांच्या मोजक्या मोठ्या केंद्रांना. वनवेबचं एक केंद्र गुजरातेत मेहसाण्याला आहे. अशा ठिकाणांभोवती मोबाइलला मज्जाव केला की सहजीवन शक्य आहे. अमेझॉनच्या उपग्रह-जाळ्यात मात्र ग्राहकाची छत्रीही का-बँडवरच. ती उद्या कुठल्या गच्चीवर उगवेल हे आज सांगता येत नाही, मग मज्जाव तरी कशाभोवती करणार? कुठला पट्टा कुणाला हे ठरवणाऱ्या जागतिक रेडिओ परिषदेने २०१९ मध्ये मोबाइलला २४.२५ ते २७.५ गिगाहर्ट्‌झ दिले आणि त्याला लागून वरचा, २८चा भाग या यादीत घेतला नाही, तो निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.

पुढची परिषद २०२७ मध्ये शांघायला आहे. तिथे साध्या मोबाइलशी थेट बोलणाऱ्या उपग्रहांचा विषय येणार, तोही मोबाइलच्याच पट्ट्यांत. उपग्रहाच्या एका झोताची रुंदी जमिनीवर कित्येक किलोमीटर, आणि त्याला सीमारेषा दिसत नाही. पंजाबच्या सीमेलगत आपल्यासाठी सोडलेला झोत पलीकडच्या टॉवरच्या जाळ्यावरही पडणार, पलीकडचा आपल्यावर. तिथे ऐकणारं यंत्र प्रत्येकाच्या खिशात असेल, आणि ते दिवसभर जागा बदलत राहील.