गुळाच्या गावात साखर कमी करताना

(कोल्हापुरात रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींसमोर, पेठेतल्या एका तालमीच्या सभागृहात एका डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. शेवटची काही प्रश्नोत्तरंही ठेवली आहेत.)

मंडळी, नमस्कार.

मी आल्यापासून अर्ध्या तासात मला तीनदा चहा विचारला. दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा कप समोर आलाच, कारण आपल्याकडं पाहुण्यानं दोनदा नको म्हणणं म्हणजे होच. एक घोट घेतला तर ओठाला ओठ चिकटावा असा गोड. आणि मला विषय काय दिलाय? वजन उतरवायचंय, साखर कशी कमी करायची.

मग त्या कपापासूनच सुरुवात करू. सपाट चमच्यात चार-पाच ग्रॅम साखर मावते. आता आपल्या घरातला चमचा सपाट कधी असतो ते घरोघरी ठाऊक आहे, पण धरू पाच. कपाला दोन चमचे आणि दिवसाला पाच कप. तीन घरी, एक दुकानात, एक कुणाच्या तरी दारात. झाले 50 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना 2015 पासून सांगते, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, आणि 5 टक्क्यांवर आणता आली तर उत्तम. दिवसाला 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाला 10 टक्के म्हणजे 50 ग्रॅम. म्हणजे पेढा नाही, जिलेबी नाही, श्रीखंड नाही, नुसत्या चहावरच तुमचा कोटा संपला. आणि तुम्ही मला दवाखान्यात येऊन सांगता, "डॉक्टर, मी गोड खातच नाही हो." खोटं बोलत नाही तुम्ही. चहाला आपण गोडात धरतच नाही.

त्या 50 ग्रॅमच्या कॅलरी होतात 200. वर्षाच्या 73,000. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं 7700 कॅलरी. ही साखर सोडली तर कागदावरच्या भागाकारानं वर्षाला नऊ किलो उतरायला हवेत. पण शरीर काही वाण्याची वही नव्हे. खाणं कमी झालं की तेही आपला खर्च आखडतं. म्हणून नऊ किलोचं आश्वासन मी कुणाला देत नाही.

आता गूळ. मला माहीत होतं, मी साखर म्हणालो तेव्हाच निम्म्या लोकांनी मनात म्हटलं असणार, "आम्ही केव्हाच गुळाच्या चहावर आलोय." मी स्वतः गुऱ्हाळाच्या घरातला. चुलवाणात चिपाडं सारणारे, काहिलीतल्या रसात भेंडीचं पाणी घालून मळी काढणारे, पाक पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी दाबून बघणारा गुळव्या, हे सगळं मी लहानपणी धगीपाशी उभं राहून पाहिलंय. गरम काकवी, म्हणजे गूळ होण्याआधीचा दाट पाक, भाकरीवर घेऊन खाल्लीय. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. कोल्हापुरी गुळाला आज भौगोलिक मानांकन आहे. तेव्हा गुळाविरुद्ध बोलताना माझी जीभ जड होते.

पण वजनाच्या हिशोबात गूळ साखरेचा सख्खा भाऊच. दोघांचा बाप ऊस. 100 ग्रॅम साखरेत 400 च्या जवळपास कॅलरी, गुळात 380 च्या आसपास. गुळात थोडं लोह आणि इतर क्षार असतात, खरं आहे. पण लोहापुरता गूळ खायचा म्हटलं तर इतका खावा लागेल, की लोह बाजूलाच राहील आणि पोट पुढं येईल. त्यात गूळ चवीला साखरेपेक्षा कमी गोड, म्हणून आपण खडा जरा मोठाच टाकतो. "गुळाचा आहे" म्हटल्यावर दुसरा कपही बिनघोर घेतो. माझ्याकडं येणाऱ्या एक बाई आठ महिने गुळाच्या चहावर होत्या. वजन दोन किलो वाढलं. त्यांचा राग गुळावर नव्हता, माझ्या वजनकाट्यावर होता.

मध, काकवी आणि उसाचा रस यांनाही हेच लागू. रसात साधारण 12 ते 15 टक्के साखर असते. 250 मिलीचा ग्लास म्हणजे सहा-सात चमचे, वर लिंबू पिळलं तरी. आख्खं संत्रं खाल्लं तर त्यातला चोथा पोट भरतो आणि साखर हळूहळू रक्तात जाते. तीन संत्र्यांचा रस मात्र आपण उभ्या उभ्या संपवतो आणि जेवायला पुन्हा तितकेच बसतो. पिऊन घेतलेल्या कॅलरींची पोट नीट नोंदच ठेवत नाही. म्हणून मला विचाराल तर पहिला हात प्यायच्या गोडावर टाका, खायच्या गोडावर नंतर.

साखरेत निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. ग्लुकोज शरीरभर वापरलं जातं. फ्रुक्टोजचा बराचसा भार यकृतावर पडतो, आणि गरजेपेक्षा जास्त आलं की यकृत त्याची चरबी करून ठेवतं. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर "फॅटी लिव्हर" वाचून, "पण मी दारूला शिवत नाही" म्हणणारे बरेच जण भेटतात. त्यामागं वाढलेलं वजन असतं, बैठं काम असतं, आणि बऱ्याचदा हा गोडवाही असतो.

तालमीत बसलोय म्हणून एक बोलून टाकतो. इथं लाल मातीत घाम गाळलेले काही जण समोर दिसतायत. दिवसाला शेकड्यानं जोर-बैठका मारत होता तेव्हा बदामाची थंडाई, दूध, तूप सगळं जिरत होतं. पस्तिशीत तालीम सुटली, खुराक नाही सुटला. थंडाईतले बदाम महागले म्हणून कमी झाले, साखर तेवढीच राहिली. पैलवानाचं पोट सुटतं ते असं.

माझंही सुटलं होतं. बेचाळिसाव्या वर्षी 86 किलो. एका सोमवारी साखर एकदम बंद केली. गुरुवारी डोकं दुखतंय या सबबीवर दोन कप गोड चहा प्यालो. दुसऱ्या खेपेला अक्कल आली. दर आठवड्याला कपामागं अर्धा चमचा कमी करत गेलो. दीड महिन्यानं आईनं तिच्या सवयीचा चहा दिला तर तो काकवीसारखा लागला. जीभ बदलते, फक्त तिला मुदत द्यावी लागते. अडचण खरी वेगळीच होती. आपला चहा साखरेसकटच उकळतात. एकदा पातेल्यात पडली की कुणाला किती हा प्रश्नच संपला. आमच्या घरात मोठा सुधार काय झाला असेल तर साखरेचा डबा गॅसपासून उठून टेबलावर आला. ज्यानं त्यानं आपली घालून घ्यायची. पहिले आठ दिवस आई माझ्याशी नीट बोलली नाही.

आणि तरीही पहिले दोन महिने काटा जागचा हलला नाही! का? साखर सोडल्याचा अभिमान इतका, की संध्याकाळी भडंगाचा डबा मांडीवर घेऊन बसायचो. चहातनं उणे केलेलं सगळं तेल-शेंगदाण्यातनं परत आलं. वर एक भाकरी जास्त. साखर कमी केल्यानं वजन उतरतं ते त्या जागी दुसरं काही आलं नाही तरच. हे वाक्य सोपं वाटतं, मला शिकायला दोन महिने लागले.

साखरेऐवजी कृत्रिम गोडीच्या गोळ्या किंवा पावडर घालू का, असं विचारतात. वजन आटोक्यात ठेवायचा उपाय म्हणून कृत्रिम गोडी वापरू नका, असा जागतिक आरोग्य संघटनेचा 2023 चा सल्ला आहे. तो मधुमेहींसाठी नव्हता, हेही सांगतो. माझं मत विचाराल तर त्यानं जिभेची गोडाची ओढ सुटत नाही. आणि ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी आज घरी जाऊन एकदम काही बंद करू नका. रक्तातली साखर फार खाली जाऊ शकते. आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

प्रश्न घेऊया. हां, मावशी, बोला.

"पुरणपोळीचं काय करायचं?"

सणाला खायची. चांगली, मऊसूत, तूप सोडून, कटाच्या आमटीबरोबर. एक किंवा दोन. उरलेलं पुरण दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी वाटीत घेऊन चमच्यानं खाता ना, ते बंद. वर्षाचे सण मोजले तर बोटांवर मोजता येतील. चहाचे कप वर्षाला अठराशेच्या वर जातात. मी कुणाशी भांडू?

"पाहुण्यांकडं चहाला नाही म्हटलं तर राग येतो."

येतो. "नको" म्हणू नका, "बिनसाखरेचा टाका" म्हणा. त्यांना वाटेल तुम्हाला शुगर झाली. वाटू दे. दोन दिवस गल्लीत चर्चा होईल, मग कायमची सुटका.

मागचे दादा उभे आहेत मघापासून.

"डॉक्टर, आमचा तीन एकर ऊस हाय. सगळ्यांनी साखर सोडली तर आम्ही काय करायचं?"

दादा, माझ्या कॉलेजची फी उसाच्या बिलातनंच गेलीय, त्यामुळं प्रश्न मला लागतो. आपल्याकडं रिकव्हरी, म्हणजे साखरेचा उतारा, चांगला; टनभर उसाला 120 किलोच्या घरात साखर पडते. म्हणजे दिवसाला 50 ग्रॅम खाणाऱ्या माणसाची साडेसहा वर्षांची साखर एका टनात. मी माझी निम्मी कमी केली म्हणून तुमच्या फडाला काही होत नाही. कारखान्याचा मोठा माल थंड पेयं, बिस्किटं, मिठाईवाल्यांकडं जातो, आणि आता ऊस इथेनॉललाही जातो. आमचाही ऊस अजून जातो कारखान्याला. बिल जमा झालं की आई आजही पेढे आणते. एक मला देते. दुसऱ्याला हात लावला की डबा उचलून नेते.