खोली चाकाने धरायची, उचल तेलाने

मंडळी, सोयाबीन पेरून आठवडा झाला की बऱ्याच शेतांत एक चित्र हमखास दिसतं. एका तासात, म्हणजे पेरणीच्या ओळीत, रोपं दोन पानांवर आलेली, शेजारच्या तासात माती नुसती फुगून तडकलेली आणि तिसऱ्यात काहीच नाही. बियाणं एकाच पिशवीतलं, पाऊस एकच, पेरणीचा दिवसही एकच. अशा वेळी बियाण्याला दोष देण्याआधी बोटाने माती बाजूला करून फूटपट्टी लावा. पहिल्या तासात बी ३ सेंटिमीटरवर सापडतं, दुसऱ्यात साडेपाचवर, तिसऱ्यात सातवर. हा फरक पेरणी यंत्राने केलेला असतो.

सोयाबीनला हा फरक इतका का बाधतो? कारण ते उगवताना आपली दोन्ही जाड दलं मानेवर घेऊन मातीतून वर येतं. मान वाकडी करून, आकड्यासारखी, ते माती ढकलतं. वर पावसाच्या सरीने झालेला चिखल वाळून खपली धरली असेल आणि बी खोल असेल, तर ती मान मोडते. हरभऱ्याची दलं जमिनीतच राहतात, फक्त टोकदार कोंब वर येतो. म्हणून रब्बीत ओल खाली गेली की हरभरा ७-८ सेंटिमीटरवरही पेरता येतो. सोयाबीनला ३ ते ४ सेंटिमीटर पुरतात, ५ च्या खाली जाऊच नये. म्हणजे यंत्राला मोकळीक आहे ती जेमतेम एका सेंटिमीटरची, आणि तीही ढेकळांच्या, उंचसखल काळ्या रानात.

बैलांच्या तिफणीवर खोली सांभाळायचं हे काम माणसाचा हात करत होता. फणाचा, म्हणजे माती चिरणाऱ्या दाताचा, कोन ठरलेला, जू दांडीला कुठे बांधायचं ते जमीन बघून ठरायचं, आणि रुमण्यावरचा, म्हणजे मुठीवरचा, हात प्रत्येक ढेकूळ ओळखून कमीजास्त दाबायचा. ट्रॅक्टर आला आणि तो हात गेला. त्याच्या जागी यंत्रात आपण काय बसवलं, हाच आजचा विषय आहे.

बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, हायड्रॉलिकचा, म्हणजे तेलाच्या दाबाने यंत्र उचलणाऱ्या लिफ्टचा, लिव्हर. इथेच गफलत आहे. हॅरी फर्ग्युसनने बसवलेली, अवजार ट्रॅक्टरच्या मागे धरणारी तीन सांध्यांची जोडणी आणि तिच्यासोबतचं ड्राफ्ट कंट्रोल १९३९ च्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरबरोबर जगभर पोचलं, ते मुळात नांगरासाठी. नांगराला ओढ जास्त लागली की टॉप लिंकवर, म्हणजे जोडणीच्या वरच्या दांडीवर, दाब वाढतो, तो दाब व्हॉल्व्हपर्यंत जातो आणि लिफ्ट नांगर जरासा वर घेते. नांगरटीला हे उत्तम. पेरणी यंत्राला मात्र ओढच कमी असते, आणि जी असते ती जमिनीच्या कठीणपणानुसार बदलते. म्हणजे कठीण पट्टा आला की ड्राफ्ट कंट्रोल फण वर उचलणार आणि भुसभुशीत जागी खाली सोडणार. आपल्याला नेमकं हेच नको असतं. पेरताना ड्राफ्टचा लिव्हर कामातून बाहेर ठेवा.

मग पोझिशन कंट्रोल? ते लिफ्टचे हात, म्हणजे यंत्र उचलणाऱ्या मागच्या दांड्या, एका जागी धरून ठेवतं हे खरं, पण ती जागा ट्रॅक्टरच्या मानाने असते, जमिनीच्या मानाने नाही. हिशेब करून पाहू. ट्रॅक्टरच्या दोन्ही आसांमधलं अंतर १.९ मीटर आणि फण मागच्या आसापासून दीड मीटर मागे धरा. पुढची चाकं ६ सेंटिमीटरच्या उंचवट्यावर चढली तर ट्रॅक्टर मागच्या आसाभोवती झुलतो आणि फण जवळजवळ पावणेपाच सेंटिमीटर खाली जातो. पुढची चाकं तेवढ्याच खोलगट जागेत उतरली तर फण तेवढाच वर येतो.

यात आणखी एक बारकावा आहे, तो नीट समजून घ्या. आपल्या ट्रॅक्टरची लिफ्ट एकाच बाजूने काम करते. तेल उचलतं, खाली येणं मात्र यंत्राच्या वजनाने. म्हणून फण जास्त खाली जायला लागला तर यंत्राचं खोलीचं चाक, म्हणजे जमिनीवर टेकून फणाची खोली ठरवणारं चाक, त्याला अडवू शकतं, कारण हात वर जायला मोकळे असतात. पण पुढची चाकं खड्ड्यात उतरून यंत्र वर गेलं, तर ते तेलावर लटकतं. चाक जमीन सोडतं आणि बी वरवर पडतं. त्या क्षणी चाक काहीही करू शकत नाही. पेरणीत खोल गेलेल्या बियांइतक्याच उघड्या पडलेल्या बिया दिसतात, त्याचं मोठं कारण हे.

म्हणून पेरताना लिव्हर पूर्ण खाली, हात तरंगते, यंत्राचं सगळं वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर. हातांना वरून धरणाऱ्या लिफ्ट रॉडची लांबी अशी ठेवा की यंत्र कामाच्या स्थितीत असताना हातांना आणखी ७-८ सेंटिमीटर खाली जायला जागा उरेल. ती उरली नाही तर लिव्हर खाली असूनही यंत्र लटकलेलंच राहतं. तपासायची पद्धत सोपी आहे: एक तास पेरून मागे वळून खोलीच्या चाकाची खूण बघा. ती धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, सलग हवी. जिथे तुटली, तिथे यंत्र जमीन सोडून वर गेलं.

आणि फण शिरतच नसेल तर लिव्हर आणखी दाबून उपयोग नाही, तेल खाली दाबत नाही. फणाच्या टोकाच्या फाळाची धार, त्याचा कोन आणि यंत्राचं वजन, या तीनच गोष्टी तिथे कामाच्या.

आता चाक कसं बांधायचं. सिमेंटच्या सपाट फरशीवर यंत्र ठेवा, खोलीच्या चाकांखाली ३ सेंटिमीटर जाडीची फळी सारा आणि फणांची टोकं फरशीला टेकवून चाकं घट्ट करा. ही झाली फरशीवरची खोली. वापशावरच्या, म्हणजे पेरणीजोग्या ओलीच्या, रानात चाक स्वतः एक-दीड सेंटिमीटर रुततं आणि फण तेवढाच जास्त खोल जातो. अरुंद चाक जास्त रुततं, म्हणून चाकाच्या रुंदीत काटकसर करू नका. त्याच फरशीवर ट्रॅक्टरच्या मागच्या दोन्ही टायरांची हवा सारखी करा आणि उजव्या लिफ्ट रॉडची लांबी कमीजास्त करून (लेव्हलिंग) यंत्राची चौकट समतल आणा. लेव्हलिंग चुकलं तर कडेच्या दोन फणांत फरक पडतो आणि ट्रॅक्टर उलटा वळला की तोच फरक शेजारी शेजारी येऊन उठून दिसतो.

टॉप लिंकचं तसंच. पुढच्या आणि मागच्या ओळीतल्या फणांमध्ये ५० सेंटिमीटर अंतर असेल आणि चौकट ३ अंशांनी पुढे झुकली, तर पुढचे फण मागच्यांपेक्षा २.६ सेंटिमीटर खोल चालतात. तास एक आड एक चांगलं उगवलेलं दिसलं की आधी टॉप लिंककडे बघा.

चौकटीवर पक्के बसवलेले फण चौकटीचं ऐकतात. दोन टोकांना चाकं आणि मध्ये जमीन ४ सेंटिमीटर खोलगट असेल, तर मधला फण हवेत. यावर खरा उपाय प्रत्येक फण स्वतंत्र करण्याचा: समांतर चार सांध्यांची जोडणी, तिच्यावर फण आणि फणाला खेटून त्याचं स्वतःचं चाक. एकाच पिनवर झुलणारा हात स्वस्त पडतो, पण वर-खाली होताना फणाचा कोन बदलतो. समांतर जोडणीत कोन तोच राहतो. वर्कशॉपमध्ये बनवताना मात्र पट्टीला नुसतं भोक पाडून बोल्ट ठोकू नका. ते भोक एका हंगामात लांबट होतं. भोकात बुश (धातूची नळकांडी) घाला, ग्रीस भरायला निपल द्या, आणि बुश रुंद ठेवा. ६ सेंटिमीटर रुंदीच्या बुशमध्ये १ मिलिमीटर ढिलाई आली की ६० सेंटिमीटर मागचा फण १ सेंटिमीटर बाजूला डोलतो. मग बी आणि खत एकमेकांत मिसळतात.

या स्वतंत्र फणांवर स्प्रिंग येते आणि तिथे एक हिशेब विसरला जातो. स्प्रिंग वजन निर्माण करत नाही, चौकटीकडून उसनं घेते. सात फण, प्रत्येकावर ३० किलोचा दाब, म्हणजे २१० किलो. पेट्या रिकाम्या असताना यंत्र २५० किलोचं असेल, तर बियाण्याची चकती फिरवणाऱ्या चाकासाठी फक्त ४० किलो उरतात. ते चाक घसरतं आणि बी विरळ पडतं. पेट्या भरलेल्या असताना सगळं ठीक आणि दुपारी पेटी तळाला गेली की विरळ, अशी तक्रार असेल तर स्प्रिंग सैल करा किंवा चौकटीवर वजन टाका. दाब किती हवा याचा अंदाज हाताने येतो. यंत्र तासात उभं करा, इंजिन बंद करून हँडब्रेक ओढा आणि फणाजवळचं खोलीचं चाक हाताने फिरवून बघा. सहज गरगर फिरलं तर फण पूर्ण खोलीवर नाही. जोर लावून घसटत फिरलं तर योग्य. अजिबात हललं नाही तर दाब जास्त आहे, तासाच्या भिंती चेपल्या जात आहेत.

उचलीचं काम खरं म्हणजे धुऱ्यावरचं. तिथे सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पेटीतून बी खाली सोडणाऱ्या नळ्या बुजण्याने. ट्रॅक्टर उभा असताना यंत्र खाली टेकवलं की फणामागचं तोंड ओल्या मातीत रुतून भरतं. फण जमिनीत असताना ट्रॅक्टर जरा जरी मागे घेतला तरी तेच. बुजलेली नळी वरून दिसत नाही, पेटीतलं बी कमी होत नाही एवढीच खूण, आणि सात नळ्यांत एक बंद असेल तर तीही चटकन लक्षात येत नाही. म्हणून आधी ट्रॅक्टर हलवायचा, मग चालत्यात यंत्र सोडायचं. पेटीतून सुटलेलं बी ७० सेंटिमीटर नळीतून खाली यायला साधारण ०.४ सेकंद घेतं. ताशी ४ किलोमीटर वेगाने तेवढ्यात ट्रॅक्टर जवळजवळ अर्धा मीटर पुढे जातो, म्हणून ठरलेल्या रेषेच्या अर्धा मीटर आधीच यंत्र टेकलेलं हवं. लिफ्ट खाली येण्याचा वेग त्याच्या नॉबने मंद ठेवा, म्हणजे फण आपटत नाहीत. प्रत्येक वळणानंतर पहिल्या मीटरभरात मागून चालणाऱ्याने सातही तासांत बोट घालून बी आहे का ते बघावं. एखाद्या तासात नसलं तर यंत्र उचलून घेऊन, त्याखाली भक्कम टेकू देऊन आणि इंजिन बंद करूनच त्या नळीत तार घालावी.