टीकप, रविवार आणि यकृताची आडवाट

नमस्कार. पत्रिकेत विषय ‘लिव्हर शंटचं ऑपरेशन करावं की नाही’ असा छापलाय. तिकडे येतोच. आधी ‘टीकप’ या शब्दाशी थोडं भांडून घेतो. टीकप नावाची कुत्र्याची जातच नाही. लहानातलं लहान पिल्लू निवडायचं आणि त्याला चढा भाव लावायचा, एवढंच. आता अंग न धरणारं पिल्लू दरवेळी नाजूकच असतं असं नाही, कधी ते आजारी असतं. खुंटलेली वाढ हे शंटचंही, म्हणजे यकृताला वळसा घालून रक्त नेणाऱ्या वाहिनीचंही लक्षण. कप ते विकतात, फुटल्याचं बिल आपल्याकडे. (हशा)

माझ्याकडे एक आजी यायच्या. नाव सांगत नाही, पेठही सांगत नाही, कारण गोष्टीत पुढे मटण आहे. (हशा) त्यांचा यॉर्की, म्हणजे यॉर्कशायर टेरियर कुत्रा, वजन 1.2 किलो. दर रविवारी दुपारी हा भिंतीला डोकं टेकवून उभा राहायचा, मग गोल गोल फिरायचा. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. सोमवारी स्वारी ठणठणीत. आजींनी दुधाच्या हिशोबाच्या कॅलेंडरवर त्या रविवारांवर फुल्या मारून ठेवलेल्या. मी फिटच्या गोळ्यांचा विचार करतोय, तर आजी म्हणतात, “डॉक्टर, रविवारी याला चार तुकडे अळणी मटण असतं हो.” निदान त्यांनी केलं, फी मी घेतली.

आतड्याकडचं रक्त यकृतातून गाळूनच पुढे जायला हवं. शंट म्हणजे जकात नाका चुकवणारी आडवाट. मांस पचताना झालेला अमोनिया बिनबोभाट मेंदूपर्यंत. उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी रक्तातलं बाइल अ‍ॅसिड तपासलं, यकृत गाळतंय का ते त्यावरून कळतं, मग सोनोग्राफी, सीटी. लहान जातींत ही वाट बहुधा यकृताबाहेर असते, हे सर्जनचं नशीब.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषयाला पाच मिनिटं!

तर भराभर. सव्वा किलोच्या कुत्र्यात रक्त साधारण 100 मिली. इथे मात्र टीकप हा शब्द बरोबर आहे. टेबलावर एवढंसं कुत्रं गार पडतं, साखर उतरते, भूल लवकर उतरत नाही. म्हणून आधी अमोनिया कमी करणारं लॅक्टुलोज, अँटिबायोटिक, बेताची प्रथिनं. थोडं वजन वाढू द्या. पण ‘औषधांवर बरा आहे की’ म्हणत वर्षं काढू नका. औषधं अमोनिया आवरतात, आडवाट तशीच राहते. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या 124 कुत्र्यांच्या अभ्यासात ऑपरेशन झालेली कुत्री जास्त जगली, आणि निदानाच्या वेळचं वय आड आलं नाही. सर्जनला विचारा: अशी किती केलीत? रात्री जवळ कोण थांबणार? कारण पहिल्या काही दिवसांत फिट येऊ शकते आणि ती जिवावरही बेतते. वाहिनी एकदम आवळली तर पोटात रक्ताचा दाब चढतो, म्हणून अमेरॉइड रिंग. स्टीलच्या कड्यात केसीन. ते ओल शोषून फुगतं आणि काही आठवड्यांत वाट बुजवतं. फारच बारक्या कुत्र्यात रिंगच्या वजनानं वाहिनी मुरडू शकते, तिथे सेलोफेनची पट्टी.

आजींनी चार महिने थांबून ऑपरेशन केलं. सही करताना विचारलं, “केसीन म्हणजे काय हो?”

म्हटलं, दुधातलं प्रथिन.

“मग उपासाला चालेल.”