दिवस ओहोटीला लागतो तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. बंदरावर आयुष्य काढलेल्या एका माणसाच्या गीताविषयी आज आपल्याशी बोलायचं आहे. ‘अबाइड विथ मी’. म्हणजे, प्रभो, माझ्यापाशी राहा. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत ख्रिस्ती घरांत ते ओळखीचं आहे. ज्यांचा चर्चशी कधी संबंध आला नाही, अशा पुष्कळांच्या कानांवरूनही त्याची चाल गेलेली असते. २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात बीटिंग रिट्रीट होतं, तिथे सैन्यदलांची बँडपथकं वर्षानुवर्षं ते वाजवत आली. गांधीजींच्या आवडीचं गीत, आणि दुसरा दिवस त्यांच्या पुण्यतिथीचा. २०२२ मध्ये ते त्या कार्यक्रमातून वगळलं गेलं. मला त्याची उणीव जाणवते.

कवीचं नाव हेन्री फ्रान्सिस लाइट. जन्म १७९३, स्कॉटलंडमधला. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डेव्हन परगण्यात ब्रिक्सम नावाचं मासेमारीचं बंदर आहे. तिथे ते धर्मगुरू म्हणून आले आणि वीसहून अधिक वर्षं राहिले. त्यांच्या उपासनेला येणारी माणसं म्हणजे मच्छीमार, खलाशी आणि त्यांची बायकापोरं. वारं फिरलं की समुद्राकडे डोळे लावून बसणाऱ्या बायका हर्णैला असतात, तशाच तिथेही होत्या.

लाइट यांची प्रकृती मुळात तोळामासा. छातीच्या दुखण्यानं ते खंगत गेले, म्हणून थंडीचे दिवस दक्षिणेकडच्या उबदार मुलखात काढायचे. १८४७ च्या सप्टेंबरात त्यांनी ब्रिक्समच्या लोकांपुढे शेवटचं प्रवचन केलं. त्याच सुमारास हे गीत कागदावर उतरलं. मग प्रवासाला निघाले ते परतले नाहीत. २० नोव्हेंबरला भूमध्य समुद्राकाठच्या नीस शहरात ते गेले. वय ५४.

गीताचं बीज लूकच्या शुभवर्तमानात, २४ व्या अध्यायात आहे. येशूला क्रुसावर दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी दोन शिष्य अम्माऊस गावाकडे चालले आहेत. एक वाटसरू त्यांना भेटतो, बोलत बोलत सोबत येतो. गाव येतं, तो पुढे जायला लागतो, तेव्हा हे दोघं आग्रह धरतात: दिवस उतरला, सांज झाली, आमच्याकडेच राहा. तिन्हीसांजेला पाहुणा उठू लागला की आपल्याकडे घरची बाई म्हणते ना, ‘आता खंय जातास काळोखात? ऱ्हवा हयच,’ अगदी तसं. पुढे जेवताना तो भाकर मोडतो आणि त्यांना उमगतं, हा तर येशूच.

अम्माऊसला काळजी होती ती वाटसरूची. लाइट यांनी ती बाजू फिरवली. इथे काळोखाचं भय विनवणाऱ्यालाच आहे, आग्रह चाललाय तो स्वतःसाठी. दुसऱ्या कडव्यात तर ते म्हणतात, आयुष्याचा इवलासा दिवस ओहोटीला लागलाय. रोज भरती-ओहोटी पाहणाऱ्या माणसालाच हे सुचावं. आणि इतकं असूनही सगळ्या गीतात कुठे ‘मला वाचव’ नाही, ‘आजार बरा कर’ नाही. काळोख पडणार हे धरूनच चाललेलं आहे. मागणं आहे ते सोबतीचं. माझ्या मते गीत टिकलं ते यामुळे. दुखणं आता हटणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असलेल्या खोलीतही ते गाताना कुणाला खोटं बोलावं लागत नाही. १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, ब्रुसेल्समध्ये परिचारिका ईडिथ कॅवेल यांना जर्मनांनी गोळ्या घातल्या. आदल्या रात्री तुरुंगात, भेटायला आलेल्या धर्मगुरूंसोबत त्यांनी हेच शब्द म्हटले होते.

लाइट यांनी स्वतः एक चाल बांधली होती, पण ती मागे पडली. आज आपण गातो ती विल्यम हेन्री मंक यांची, १८६१ सालची. पेटीवर वाजवून पाहा. ग ग रे सा, तिथून एकदम प. मग ध प प म ग. सगळी चाल सा पासून ध पर्यंत मावते. तार सप्तकात चढायला नको, मंद्रात उतरायला नको. दुसऱ्या ओळीच्या शेवटी पंचमावर टेकण्याआधी तीव्र मध्यम लागतो, तेवढी एकच जागा सांभाळायची. घशात आवंढा आलेला असला तरी ही चाल झेपते, आणि अंत्यविधीला जमलेल्या माणसांना दुसरं काय हवं असतं?

त्याच १८६१ सालात रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात रेव्हरंड नारायण वामन टिळक जन्मले, हा एक योगायोग. मराठी ख्रिस्ती माणसानं अभंग-ओवीतून देवाला आळवावं म्हणून टिळकांनी जीव ओतून गीतं लिहिली. त्यांची भजनं तबल्या-पेटीवर रंगतात, आणि मंक यांची चालही आपण तितक्याच आपलेपणानं गातो. या दोहोंत मला कधी दुरावा वाटला नाही.

आता गाणाऱ्यांना एक विनंती. हे गीत फार रेंगाळत गाऊ नका. अर्धी ओळ एका श्वासात यावी, इतपत लय ठेवा. आणि वेळ नाही म्हणून शेवटचं कडवं गाळू नका. कडवी मूळ आठ, गातात बहुधा पाच, आणि घाई झाली की शेवटच्यावरच गदा येते. पण पहाट फुटते ती त्याच कडव्यात. लाइट यांना जे सांगायचं होतं, त्यातलं निम्मं तिथे आहे.

नमस्कार.