उकड गार व्हायच्या आत

नमस्कार श्रोतेहो. आत्ता तुमच्यातलं कोणी कामावरून घरी निघालं असेल, कोणी दादरला गाडी बदलत असेल, कोणी घरी पोचून नुकता चहा टाकला असेल, आणि तेवढ्यात फोन थरथरला असेल, ऑफिसच्या ग्रुपवर कोणीतरी काहीतरी विचारलंय. मेसेज आपल्यासाठी नसला तरी आपण तो उघडतो. उघडला की मग डोक्यातून जात नाही. आज मला याच्याबद्दलच बोलायचंय, सुट्टीत आणि ऑफिस सुटल्यावर आपल्यामागे येणाऱ्या कामाबद्दल, आणि सुरुवात मी माझ्या घरापासून करते.

मी अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे, एकोणीस वर्षं झाली. राहायला भांडुपला, सासर रत्नागिरीच्या पुढे पावसकडे. गणपतीला आम्ही सगळे गावी जातो, तिकिटं चार महिने आधी काढतो, हे मुंबईतल्या कोकणी माणसाला वेगळं सांगायला नको. २०२३ साली चतुर्थी आली १९ सप्टेंबरला. आणि अकाउंट्सच्या माणसांना ठाऊक असेल, २० तारीख म्हणजे जीएसटीची थ्री-बी, म्हणजे महिन्याचं कराचं विवरणपत्र, भरायची शेवटची तारीख. मी पाच दिवसांची रजा टाकली होती, मंजूर होती, निघायच्या आधी रात्री उशिरापर्यंत बसून माझ्या बाजूचं सगळं काम पुरं केलं होतं. मला वाटलं झालं.

चतुर्थीच्या सकाळी साडेदहाला मी उकड मळायला घेतली. ज्यांनी मोदक केलेत त्यांना माहितीय, उकड गरम असतानाच मळायची असते, हाताला चटके बसतात पण तेलापाण्याचा हात लावत मळतच राहायचं, एकदा ती गार झाली की पारीला कडेने चिरा पडतात आणि कळ्या काही नीट येत नाहीत. एकवीस मोदक नैवेद्याचे, शिवाय घरात वीस-बावीस माणसं जेवायला. आणि फोन वाजला. ऑफिसला त्या दिवशी सुट्टीच होती पण दुसऱ्या दिवशीच्या तारखेमुळे दोघं-तिघं आले होते. साहेब म्हणाले, मॅडम सुट्टीवर आहात माहितीय, फक्त दोन मिनिटं, इनपुट क्रेडिटच्या शीटचा पासवर्ड हवाय. म्हणजे खरेदीवर आधीच भरलेल्या कराच्या हिशोबाची शीट. घरात रेंज नाही, रेंज मिळते ती विहिरीच्या कठड्यापाशी, तर मी तशीच पिठाच्या हातांनी तिकडे गेले. पासवर्ड सांगितला. मग शीट उघडली पण जुनी निघाली, नवी कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते सांगितलं, मग एका सप्लायरचा आकडा जुळेना, तो का जुळत नाही ते मला माहिती होतं कारण त्याच्याशी मीच बोलले होते, असं करत करत चाळीस मिनिटं गेली. परत आले तर परातीतली उकड दगडासारखी झालेली. सासूबाईंनी तोपर्यंत दुसरं आधण ठेवलं होतं. एवढंच म्हणाल्या, जा, हात धुऊन घे. त्यात राग नव्हता, आणि मला तेच जास्त लागलं. दर वर्षी त्या आणि मी समोरासमोर बसून मोदक वळतो, तेव्हा त्या घरातल्या जुन्या गोष्टी सांगतात, एरवी त्या फारशा बोलत नाहीत. त्या वर्षीचं ते राहिलं.

पाच दिवसांत असे अकरा फोन आले.

परतीच्या गाडीत मी कॉल लॉग काढून बसले. रत्नागिरी सोडलं की भोके आणि उक्षीच्या मध्ये करबुडेचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा, रेंज पूर्ण जाते, डब्यात सगळ्यांचे फोन एकदम गप्प होतात. तिथे बसून मी एकेक फोन आठवत होते, हा कशासाठी होता, तो कशासाठी. अकरातले नऊ फोन असे होते की मी जायच्या आधी एक कागद लिहून ठेवला असता तर आलेच नसते. पासवर्ड, फोल्डर, कुठल्या सप्लायरचं काय अडलंय. उरलेल्या दोन फोनांना खरंच माझी गरज होती. तोपर्यंत मी साहेबांवर चिडलेले होते, आणि ते चिडणं चुकीचं नव्हतं, सणाच्या दिवशी माणसाला विहिरीवर उभं करणं बरोबर नाहीच. पण मी काम पुरं केलं होतं, सोपवलं नव्हतं. आणि आमच्या ऑफिसात कोणी कोणाला तसं सोपवायला सांगतही नव्हतं, सगळं एकेका माणसाच्या डोक्यात, आणि ते डोकं सुट्टीवर गेलं की फोन.

मला एक माणूस इथे आठवतो, नारायण मेघाजी लोखंडे. जोतिराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. या मुंबईत गिरणी कामगार सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत राबत होते, आठवड्याची म्हणून हक्काची सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी १८८४ मध्ये परळला कामगारांची सभा घेतली, अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या, मालकांनी दाद दिली नाही, तरी ते सहा वर्षं मागे लागले आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपला रविवार आभाळातून पडलेला नाही. आणि त्या रविवारी सकाळी आपण अंथरुणातूनच ग्रुपवर ‘ओके सर’ टाकतो तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

माझे आजेसासरे लालबागच्या एका गिरणीत साचाखात्यात होते, साचा म्हणजे कापड विणायचा माग. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण घरात सांगतात की भोंगा झाला की दुसऱ्या पाळीचा माणूस साच्यावर उभा राहायचा आणि हे बाहेर पडायचे. कष्ट भयंकर होते, कापसाच्या धुळीने छाती गेली होती त्यांची, त्या दिवसांचं कौतुक करायला मी बसलेले नाही. पण साचा घरी येत नव्हता. आपला साचा खिशात येतो, आणि दुसऱ्या पाळीचा माणूसच नाही.

जिथे काम एक मिनिटही थांबवता येत नाही तिथे बघा. हॉस्पिटलमध्ये सिस्टर ड्युटी संपली म्हणून नुसत्या निघून जात नाहीत, पुढच्या सिस्टरला प्रत्येक पेशंटचं सांगून, कागदावर लिहून मगच जातात. जिवाशी गाठ असलेलं काम माणसं असं एकमेकांच्या हातात देऊन घरी जातात, आणि आपण एक्सेलची शीट देऊ शकत नाही?

बँकेतलं तर मला माझ्या मैत्रिणीकडून कळलं, ती फोर्टला एका बँकेत ट्रेझरीत आहे. एक दिवस तिला बँकेने अचानक सांगितलं, उद्यापासून तुम्ही रजेवर. मी घाबरले, म्हटलं काय झालं. तर ती हसायला लागली. रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, नाजूक जागांवर काम करणाऱ्यांना वर्षातून एकदा सलग किमान १० कामाचे दिवस रजेवर पाठवायचं, तेही आधी न कळवता, आणि त्या काळात त्यांना कामाच्या कुठल्याही सिस्टिमला हात लावता येत नाही, अंतर्गत ईमेल तेवढा चालतो. कारण असं की कोणी काही लपवाछपवी करत असेल तर त्याला रोज खुर्चीत बसून ती झाकावी लागते, तो दहा दिवस नसला की उघडं पडतं. मला त्या नियमात दुसरंच दिसलं. जिथे कोट्यवधींचे व्यवहार होतात तिथे महत्त्वाच्या माणसाशिवाय दहा दिवस काम चालतं, चालवावंच लागतं, मग आपल्या ऑफिसात का चालू नये?

ऑफिस सुटल्यावर कामाचे फोन-मेसेज न बघण्याच्या हक्काचे बाहेरच्या देशांत कायदे आलेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून. पोर्तुगालने २०२१ मध्ये जबाबदारी मालकावरच टाकली, कामाच्या वेळेबाहेर माणसाला त्रास द्यायचा नाही. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून आहे आणि तो मला समजूतदार वाटतो, साहेबाने फोन करायला बंदी नाही, पण तुम्ही तो न उचलणं हा तुमचा हक्क, न उचलणं अगदीच गैरवाजवी नसेल तर. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत असं खासगी विधेयक, म्हणजे सरकारने नाही तर खासदाराने स्वतः आणलेलं, मांडलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. पण खासदारांचं खासगी विधेयक संसदेत मंजूर होऊन कायदा झाला ते शेवटचं १९७० मध्ये. कायदा यावा असं मला मनापासून वाटतं, विशेषतः ज्यांना फोन न उचलल्यावर नोकरीच जाईल अशी भीती असते त्यांच्यासाठी. आणि ही काही नुसती मूड जाण्याची गोष्ट नाही, जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये एकत्र सांगितलं होतं की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्के जास्त असतो. रात्रीचे ते फोन, ते ‘दोन मिनिटं’, ते कोणी तासांत धरतं का? आमच्याकडे तरी कधी धरले नाहीत.

२०२४ ला चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मी आमच्या डिपार्टमेंटच्या नव्या मुलीला रोज अर्धा तास शेजारी बसवलं. दोन पानं लिहिली, साध्या मराठीत. कुठली फाइल कुठे, पासवर्ड कोणाकडे ठेवलाय, कुठला सप्लायर बिल उशिरा टाकतो आणि त्याला कोणाच्या नावाने फोन केला की काम होतं, ११ तारखेची आर-वन, म्हणजे जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र, भरताना काय तपासायचं, आणि काय झालं तरच मला फोन करायचा. ते शेवटचं फार महत्त्वाचं आहे, ते लिहिलं नाही तर समोरचा माणूस भीतीनेच फोन करतो. मग साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, सर, मी संध्याकाळी सात ते साडेसात फोन बघेन, बाकी वेळ ही बघेल. धडधडत होतं बोलताना. ते जरा थांबले आणि म्हणाले, ठीक आहे, मलापण एक कॉपी द्या.

तुमच्यात जे साहेब असतील त्यांना माझं एक मागणं आहे. रात्री अकराला तुम्हाला काही सुचलं तर जरूर लिहा, पण ईमेलला सकाळी दहाची वेळ लावून ठेवता येते, ती लावा. तुम्ही ‘उद्या बघ’ असं लिहिता, पण वाचणारा त्याच रात्री उठून बसतो, कारण तो तुमचा मेसेज असतो.

त्या मुलीचा फोन आला, एकदाच, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सव्वासातला. मी विहिरीपाशीच होते. म्हणाली, ताई, तो सप्लायर तुमचं नाव घेतल्याशिवाय बोलतच नाही. मी म्हटलं, आता तुझं सांग. दोन दिवसांनी तिचा मेसेज दिसला, बिल आलं. चतुर्थीला सकाळी फोन आतल्या खोलीत फडताळात होता. सासूबाईंनी परात ओढली, मी तेलाची वाटी घेतली, आणि त्या सांगायला लागल्या की त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीला पाऊस इतका होता की मूर्ती डोक्यावर टोपली धरून आणली होती.